फेब्रुवारीत दव गोठलं : परसबागेत काय झाकायचं, काय तसंच सोडायचं?

अक्राणीची_परसबाग
राम राम मंडळी. धडगावकडे, तोरणमाळच्या खालच्या अंगाला उतारावर घर आहे. माघ सरत आला, आता थंडी गेली असं धरून उन्हाळी लावण केली. गिलकी आणि काकडी दोन-तीन पानांवर आहेत, भेंडी नुकती टोकली आहे, वांगी-टोमॅटो फुलावर आहेत. शिवाय एक पपई, केळीचं एक बेट आणि दारात कढीपत्ता.

गेल्या दोन रात्री आभाळ स्वच्छ, वारा बंद. पहाटे गवतावर दव गोठून पांढरं झालेलं. ओट्यावरच्या थर्मामीटरवर ४ अंश, तरी खालच्या वाफ्यातली गिलक्याची पानं काळी पडली. वरच्या वाफ्याला काही नाही. ४ अंशाला गोठतं कसं? अजून तीन-चार रात्री अशाच दिसतायत. प्लास्टिक टाकू, पाणी देऊ, की धूर करू?

पांझराकाठ
तुमचा थर्मामीटर खोटं बोलत नाही, फक्त चुकीच्या जागी टांगलाय. भिंत दिवसाचं ऊन रात्रभर सोडत असते, वर तो डोक्याच्या उंचीला. स्वच्छ, बिनवाऱ्याच्या रात्री वीतभर उंचीवरचं पान त्याहून सहज ३-४ अंशांनी गार होतं. थर्मामीटर खालच्या वाफ्यात, उघड्यावर, पानाच्या उंचीला काडीला बांधा. तिथे ४ दिसले की झाकायची वेळ झाली समजा.

खालचाच वाफा का गेला? गार हवा जड असते, पाण्यासारखी उतारानं वाहते आणि अडथळा आला की साचते. खालच्या बाजूला बंदिस्त कंपाउंड, दाट कुडाचं कुंपण किंवा काटक्यांचा ढीग आहे का बघा. रात्री तिकडचं फाटक उघडं ठेवा, ढीग हलवा, हवेला वाट द्या. (गुरं शिरणार नाहीत एवढी आडवी बल्ली लावा म्हणजे झालं.)

आता झाकण्याबद्दल. कापड झाडाला ऊब देत नाही, जमिनीतून वर येणारी ऊब ते अडवतं. म्हणून झाडाच्या शेंड्याला फडकं गुंडाळून बुंधा उघडा ठेवला तर काही उपयोग नाही. बांबूच्या कांब्या वाकवून कमानी करा, त्यावर बारदान, जुनं धोतर किंवा चादर टाका, कडा चारही बाजूंनी जमिनीला टेकवून मातीनं दाबा. प्लास्टिकच असेल तर पानाला टेकू देऊ नका, टेकलं तिथलंच पान जळतं. टरबुजावर टाकतात ते पातळ क्रॉप कव्हर एकेरी टाकलं तर रात्री एखाद-दोन अंशच राखतं, दुहेरी टाका. ऊन उतरायच्या आत, साडेपाचपर्यंत झाका. अंधार पडल्यावर झाकलं तर निम्मी ऊब आधीच उडालेली असते. सकाळी ऊन वाफ्यावर आलं की काढा, नाहीतर आत वाफ धरून रोपं मऊ पडतात.

पाणी द्याच, पण दुपारी दोनच्या आत आणि मुळाशी. कोरड्या भुसभुशीत मातीत हवा असते, ती दिवसाची उष्णता खोल जाऊ देत नाही. वीतभर ओल जायला कोरड्या वाफ्यात चौरस मीटरला १५ ते २० लिटर लागतं. रोपांभोवती पाचट किंवा भुसा पसरला असेल तर एवढ्या रात्रींपुरता बाजूला ओढा. आच्छादनाखाली माती तापतच नाही. या दिवसांत खुरपणीही नको.

गच्चीबाग_धुळे
कुंड्या असतील तर त्या आधी उचला. कुंडीतली माती चहूबाजूंनी गार होते. पश्चिमेकडच्या भिंतीला चिकटवून एकमेकींना खेटून ठेवा, पत्र्याखाली असेल तर उत्तम. आणि पहाटे चारला उठून सगळ्या झाडांवर पाण्याचा फवारा मारला की दव धुऊन जातं.

पांझराकाठ
कुंड्यांचं बरोबर. फवाऱ्याचं नको. पाणी गोठताना ऊब देतं हे खरं, पण ती ऊब सूर्य वर येऊन बर्फ वितळेपर्यंत सलग पाणी चालू राहिलं तरच. एकदा मारून थांबलात तर पानावरचं पाणी उडताना पान उलट जास्त गार होतं. घरच्या टाकीवर पाच तास तुषार चालवणं कोणाला जमणार?

त्यापेक्षा २० लिटरचा पाण्याचा कॅन दिवसभर उन्हात ठेवा आणि झाकताना कमानीत ठेवा. तेवढं पाणी १० अंशांनी गार होताना जी ऊब सोडतं, ती २५ वॅटचा बल्ब नऊ तास जळण्याइतकी असते. दव पडतंय तिथे वायर ओढण्यापेक्षा हे बरं.

केळीपट्टा_रावेर
धुराबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे बांधाबांधावर ओला काडीकचरा पेटवतात. ओल्या कचऱ्याचा धूर दिसतो भरपूर, पण जमिनीतून निघणारी उष्णता तो फारशी अडवत नाही. पेटत्या जाळानं थोडा फरक पडतो, तोही मोठ्या बागेत अनेक छोट्या शेकोट्या केल्या तर. परसात घरच्यांना खोकला, बाकी काही नाही.

केळीला मात्र रात्रीच पाणी द्या, आणि तेही विहिरीचं किंवा बोअरचं. ते हिवाळ्यात हाताला कोमट लागतं. टाकीतलं रात्रभर गार पडलेलं देऊ नका. घड असेल तर त्यावर स्कर्टिंग बॅग (घडावर चढवायची पातळ पिशवी), ती नसेल तर खालून उघडी गोणी. कमळ (केळफूल) बाहेर पडायच्या बेतात असेल तर थंडीत घड गळ्यातच अडकतो. तो हातानं ओढायचा नाही. पपईचा शेंडा गोणपाटानं सैल झाका, फळांना बुंध्यापर्यंत कागद गुंडाळा. मेथी, पालक, कोथिंबीर, कांदा, लसूण यांच्यावर कापड वाया घालवू नका भो, त्यांना एवढ्यानं काही होत नाही.

अक्राणीची_परसबाग
खालच्या बाजूला विटांची रास होती, हलवतो. काळी पडलेली गिलकी उपटू का? आणि कढीपत्त्याचे शेंडे माना टाकून आहेत, छाटू?

पांझराकाठ
गिलक्याच्या दोन दलांमधला (उगवताना आलेल्या पहिल्या दोन जाड पानांमधला) कोंब बघा. तो हिरवा, टणक असेल तर फुटेल. उकडल्यासारखा मऊ, काळा असेल तर उपटा आणि रात्री १५ अंशांच्या वर राहायला लागल्यावर पुन्हा टोका. भेंडीचं बी गार मातीत पडून कुजतं. आठ-दहा दिवसांत उगवली नाही तर एक बी उकरून दाबून बघा. पचपचीत लागलं तर वाट बघण्यात अर्थ नाही.

कढीपत्ता छाटू नका. वरची मेलेली पानंच खालच्या डोळ्यांवर छत्री धरतात, आणि छाटल्यावर येणारी कोवळी फूट पुढच्या गार रात्री पहिली मरते. पंधरा-वीस दिवसांनी फांदी नखानं खरवडा. साल हिरवी लागते तिथपर्यंत ठेवा, तपकिरी लागते तिथून वर कापा. तोवर युरिया नाही.

केळीपट्टा_रावेर
केळीचंही तेच. पानं करपली तरी खांब पाडू नका. पोगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) ओढल्यावर हातात आला आणि वास मारला तरच तो खांब जमिनीलगत कापा आणि बाजूचं एक जोमदार पिल ठेवा.