विषय: आईचे कुलमुखत्यारपत्र, रविवारपूर्वी उत्तर हवे

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या बैठकीत अर्धवट राहिलेला विषय पुन्हा काढत आहे. मी शुक्रवारी नाशिकला पोहोचेन आणि हाताशी बाराच दिवस आहेत. आईचा विसराळूपणा वाढला आहे, तरी कागद वाचून, समजून सही करण्याइतकी तिची समज शाबूत असल्याचे डॉक्टर सांगतात. गंगापूर रोडच्या घराचे व बँकेचे व्यवहार धाकट्या भावाकडे सोपवायचे आहेत. आपल्या इथल्या, अमेरिकेतील मंडळाच्या मसुद्यातले ‘पुढे समज गेली तरी हे पत्र लागू राहील’ हे वाक्य भारतात चालेल ना?

– सिडकोकर

*

सिडकोकर, तो मसुदा मी अमेरिकेतील कामांसाठी केला होता आणि तसे त्याच्या माथ्यावरच लिहिले आहे. लोक माथा सोडून मजकूर उचलतात, याला माझा इलाज नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारी देणाऱ्याची बुद्धी ढळली की मुखत्यारी संपते, मग त्यात कोणतेही वाक्य घाला. त्यानंतर घराचा व्यवहार करायचा झाल्यास उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याची वेळ येते. म्हणून मुखत्यारपत्र आजच्या सोयीपुरते करा. खाते मात्र भावासोबत संयुक्त करून घ्या आणि मृत्युपत्र याच फेरीत उरका. त्याला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी करावी. आईंना जाणे जमत नसेल तर सबळ कारण दाखवून अर्ज केल्यास दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात. डॉक्टरांचा दाखला त्याच दिवसाचा असू द्या.

– माजी खजिनदार

*

एवढा खटाटोप कशाला? महाराष्ट्रात राहते घर मुलाला बक्षीसपत्राने दिले तर मुद्रांक शुल्क २०० रुपये पडते. स्थानिक अधिभार तेवढा वेगळा. आम्ही पंचवटीतल्या घराचे तसेच केले. पण मला विचारायचे आहे ते निराळेच. आईंजवळ रात्री कोण असते? आमच्या सासूबाई रात्री दोनला उठून दाराची कडी काढायच्या आणि माझी जाऊ दाराशीच अंथरूण घालून झोपायची. आम्ही इथून दर रविवारी फोनवर तिला औषधांच्या वेळा सांगायचो, याची आज लाज वाटते.

– काकू

*

काकू, बक्षीसपत्र स्वस्त आहे म्हणून करू नये, कारण नोंदणी झाली की घर आईंचे राहत नाही. करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यातच स्पष्ट लिहावी. ती मोडल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण ते रद्द करू शकते. अट लिहिलेली नसेल तर पुढे वाद उभा राहतो.

– माजी खजिनदार

*

बक्षीसपत्राचा विचार सोडला आहे. मृत्युपत्र व संयुक्त खाते एवढेच करू. काकूंच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नव्हते, म्हणून काल भावजयीला फोन केला. आईजवळ रात्री तीच असते आणि मार्चपासून ती सलग झोपलेली नाही. कागदांविषयी तिने काहीच विचारले नाही. तिला सिन्नरला माहेरी दोन रात्री राहून यायचे आहे. त्यामुळे निबंधक कार्यालयाचे काम सोमवारवर ढकलले असून शनिवार-रविवार आईच्या खोलीत मी झोपणार आहे. दाराची कडी वरच्या बाजूस बसवणारा सुतार कोणाच्या ओळखीत असल्यास कळवावे.

– सिडकोकर