वाद्यसंगीताच्या परीक्षणातून समुद्र हद्दपार करा

पडवीतला रेडिओ (देवगड)
परवा एका प्रायोगिक अल्बमचं परीक्षण वाचलं. नुसती वाद्यं, शब्द एकही नाही. परीक्षक लिहितो, ‘लाटांवर अलगद तरंगल्यासारखं वाटतं.’ बाबा रे, तरंगला आहेस कधी? आमच्याकडे तरंगायला जातात ते पहाटे डिझेलचे कॅन उचलून जातात. हौसेने पाहुणा बरोबर नेला, तर पंधराव्या मिनिटाला तो काठावरून वाकून सकाळची घावणी समुद्राला परत करतो.

शब्द नसले की आपल्याला लिहायला काही सापडत नाही, मग आपण चित्रं काढत बसतो. समुद्र, पाऊस, अंतराळ, गूढ प्रवास. किंग क्रिमसन या रॉक बँडच्या १९७३ च्या ‘लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक’ अल्बमचा पहिला तुकडा घ्या. सुरुवातीला त्यांचा तालवादक जेमी म्यूर कलिंबा (अंगठ्यांनी वाजवायचं छोटं वाद्य) आणि धातूच्या बारीकसारीक वस्तू खुडखुडवत राहतो. मग व्हायोलिन टोचायला लागतं, आणि कितीतरी वेळाने गिटार अंगावर येते. एवढं सांगितलंत तर सुरुवातीला आवाज वाढवून ठेवायचा नाही, हे तरी मला कळेल. मी वाढवला होता. शेजारची आजी खळ्यात येऊन उभी राहिली.

तेव्हा परीक्षणात समुद्र, लाटा, क्षितिज बंद. या भांडायला.

सातमात्रा (चिपळूण)
शंभर टक्के. मी तर म्हणतो, ताल मोजून दाखवल्याशिवाय प्रोग्रेसिव्ह रॉकवर, म्हणजे असल्या लांब, ताल बदलत्या रॉकवर, लिहूच नये. पिंक फ्लॉइड बँडचं ‘मनी’ गाणं सात मात्रांत आहे. सॅक्सोफोन सातातच वाजतो, पण गिटारचा सोलो सुरू होताना ताल चारात येतो आणि गिटार मोकळी सुटते. ती का सुटली, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. आपल्याला सात मात्रांचा रूपक ताल माहीत आहे, सात आपल्याला परके नाहीत.

सुरंगीचा वळेसर (वेंगुर्ला)
सात मोजले म्हणजे रूपक झाला का? रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्राच, ‘खाली’वर (टाळी नसलेल्या जागी) येते, तिथे हलकं वाटतं. ‘मनी’त पहिली मात्रा पाय आपटून येते. आकडा तोच, चाल वेगळी. ही चाल सांगायला तुम्हाला शेवटी ‘पाय आपटून’ असंच काहीतरी म्हणावं लागतं, म्हणजे चित्रच. नुसत्या मात्रा लिहिलेलं परीक्षण वीजबिलासारखं वाचावं लागतं.

अर्धी कॅसेट (रत्नागिरी)
दहापैकी गुण द्या आणि सुटा. ऐकू की नको, तेवढं सांगा.

पडवीतला रेडिओ
@अर्धी कॅसेट, किंग क्रिमसनच्या त्या अल्बमला पहिल्या दिवशी मी चार दिले असते, तोही अर्ध्यात बंद करून. आज नऊ देईन. यातला कुठला छापू?

गजालवाला (कुडाळ)
अरे, आमच्या हयसर दशावतार रात्री सुरू होता नि कोंबो आरवल्यार संपता. आणि हे येस बँडचा ‘क्लोज टू द एज’ अठरा मिन्टांचा असा म्हणान ‘लांबलचक’ लिवतत! मृदंगवाल्याचे हात बघा. संकासूर राक्षस इलो की हात बदालतत. ताल कितीचो ता आमच्यात कोण इचारीत नाय, पण बदाललो ता पेंगणाऱ्याक पण समाजता. परीक्षणात तेवढाच लिवा, खय बदालला.

सातमात्रा
@गजालवाला, हे मात्र मला पटलं. ‘कितीचा’पेक्षा ‘कुठे बदलला’ जास्त कामाचं. (आकडा तरी मी लिहिणारच.)

सुरंगीचा वळेसर
आता समुद्राकडे येते. ब्रायन एनोचा ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ अल्बम घ्या. त्यातला दुसरा तुकडा नुसत्या गळ्यांचा आहे. एकेक लांब सूर टेपच्या एकेका वेटोळ्यावर घेतलाय आणि प्रत्येक वेटोळ्याची लांबी वेगळी. एक सूर साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा सव्वीसच्या जरा अलीकडे, तिसरा तिशीला टेकतो. सूर तेच, पण त्यांची जुळणी दर वेळी निराळी. कधी तिघे एकमेकांवर येतात, कधी मध्ये नुसती शांतता.

मला हे कळलं ते खाडीवर. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आमची सकाळची एसटी मात्र आपल्या वेळेला, म्हणजे रोज सारख्याच उशिराने येते. काही दिवस उतरले की पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला असतं, काही दिवस नुसता चिखल आणि त्यात बगळे. तीच एसटी, तीच खाडी, गाठ वेगळी. त्या तुकड्याबद्दल लिहायला याहून नेमकं मला काही सापडत नाही. कर आता समुद्र बंद!

सातमात्रा
ताई, तुम्ही साडेतेवीस, सव्वीस, तीस आणि पन्नास मोजलेत. वीजबिल कुणाचं?

सुरंगीचा वळेसर
माझंच. पण माझ्या बिलात बगळे आहेत.

पडवीतला रेडिओ
बरं, भरती चालेल. भरतीला वेळापत्रक आहे, ती काहीतरी सांगते. ‘लाटांवर अलगद’वरची बंदी कायम.

चित्रांचा राग मला का, तेही सांगतो. माइक ओल्डफील्डचा ‘ट्युब्युलर बेल्स’. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने बहुतेक सगळी वाद्यं एकट्याने वाजवून केलेला. सुरुवातीचा पियानो सात आणि आठ असा चालतो, एकूण पंधरा. म्हणून बोट ठेवावं तिथून तो एका मात्रेने निसटतो. यावरचं कुठलंही परीक्षण उघडा, पहिल्या दोन ओळींत भूत. का, तर ‘द एक्झॉर्सिस्ट’ या भुताच्या चित्रपटात तो वापरला. अहो, अल्बम १९७३ च्या मे महिन्यात आला आणि चित्रपट डिसेंबरात. सात महिने त्या पियानोत भूत नव्हतं! आता ते कुणी काढू शकत नाही. चित्र एकदा चिकटलं की ऐकणाऱ्याचे कान तेच बघतात.

सुरंगीचा वळेसर
भूत चिकटलं, कारण बसायला जागा होती. मात्रा निसटते, हे तूच आत्ता सांगितलंस, आणि त्यानेच अस्वस्थ वाटतं. एखाद्या लग्नाच्या गाण्याला भूत चिकटून दाखव.

अर्धी कॅसेट
आमच्याकडच्या लग्नातला बेंजो ऐकला नाहीत तुम्ही.

पडवीतला रेडिओ
@सुरंगीचा वळेसर, अस्वस्थ वाटतं, मान्य. अस्वस्थ म्हणजे भूत, हे अमान्य. रविवारी ‘ट्युब्युलर बेल्स’वर लिहितोय. दोन्ही बाजू सलग ऐकून, भुताशिवाय.

गजालवाला
भूत नको तर नको. गावचो राखणदार देवचार चलात मां?