बेसलाइनवरून ओळखलं जाणारं गाणं नक्की कोणाचं?

खर्जवेडा
काही गाणी अशी असतात की कोणी गुणगुणायला लागलं तर शब्द म्हणत नाही, चालही म्हणत नाही, थेट बेसलाइनच म्हणतं, म्हणजे बेस गिटारवर खर्जात वाजणारी सुरांची ओळ. 'अंडर प्रेशर' (१९८१) घ्या. एकीकडे क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी, एकीकडे डेव्हिड बोवी, दोघांनी गळा अक्षरशः उधळलाय त्यात, आणि तरी सुरुवातीचे दोन-तीन सेकंद वाजले की गाणं ओळखून झालेलं असतं कारण क्वीनच्याच जॉन डीकनची बेस. आघात सात, सूर फक्त दोन. सहा वेळा तोच सूर आणि सातव्याला त्याचा पंचम, बस्स. 'मनी' (१९७३) चंही तेच. पिंक फ्लॉइडने आधी नाण्यांचे आणि गल्ल्याचे आवाज लावलेत, पण डोक्यात बसते ती त्यांच्या बेसवाल्या रॉजर वॉटर्सची सात मात्रांची बेस.

आता मूळ मुद्दा. या दोन्ही गाण्यांत बेसवाल्याचं नाव रचनाकार म्हणून आहे. 'अंडर प्रेशर'वर क्वीनचे चौघं आणि बोवी, 'मनी'वर वॉटर्स. पण 'वॉक ऑन द वाइल्ड साइड' (१९७२) वर एकट्या लू रीडचं नाव. ते गाणं उभं आहे हर्बी फ्लॉवर्सच्या बेसवर. हा स्टुडिओत रोजावर येणारा वादक. आधी डबल बेस (उभं, मोठं तारवाद्य) वाजवली, मग त्याच्यावर इलेक्ट्रिक बेसचा दुसरा ट्रॅक चढवला. दोन वाद्यांचे जास्त पैसे मिळतात हे त्याने स्वतःच नंतर मोकळेपणाने सांगितलं, १२ पौंडांच्या जागी १७ पौंड. पुढे १९९० मधे अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या रॅप ग्रुपने 'कॅन आय किक इट' मधे तोच तुकडा उचलला आणि त्याचे पैसे लू रीडकडे गेले. शब्द नाही उचलले त्यांनी, लू रीडचा आवाज नाही उचलला, बेसच उचलली!

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्याच्या बेसलाइनवरून गाणं ओळखलं जातं त्याचं नाव रचनाकारांत हवं आणि रॉयल्टीत त्याचा वाटा हवा. वादक म्हणून आतल्या पानावर बारीक अक्षरात आभार मानलेले पुरेसे नाहीत.

पेटीवाली
अजिबात पटलं नाही. लक्षात काय राहतं आणि रचलं कोणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही त्यांची सरमिसळ करताय. हर्बी फ्लॉवर्सला कोणी कोऱ्या कागदावर बेस वाजवायला बसवलं नव्हतं. लू रीडकडे शब्द होते, चाल होती, दोन कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांची) ये-जा होती, त्या दोन कॉर्डमधला रस्ता फ्लॉवर्सने घातला आणि सुंदर घातला, पण गाव आधीपासून वसलेलं होतं. आणि ठरलेले पैसे घेऊन वाजवलं की ते काम झालं ना. गाणं आपटलं असतं तर १७ पौंड परत मागायला कोणी आलं असतं का? जोखीम एकाची असेल तर फायदाही त्याचाच.

दुसरं म्हणजे 'बिली जीन'. बेसलाइनसाठी जगात सगळ्यात जास्त ओळखलं जाणारं गाणं कदाचित तेच. बेस गिटार वाजवली लुई जॉन्सनने. पण मायकल जॅक्सनने घरी केलेला १९८१ चा डेमो (कच्चं रेकॉर्डिंग) उपलब्ध आहे, शब्द धड तयार नाहीत, कुठेकुठे नुसती बडबड आहे, आणि बेसलाइन मात्र आहे. तुमच्या नियमाने लुई जॉन्सनला वाटा द्यायचा का?

खर्जवेडा
@पेटीवाली नाही द्यायचा. मी 'वाजवली त्याला' म्हटलेलं नाही, 'रचली त्याला' म्हणतोय. 'बिली जीन'ची बेस मायकलला सुचली, नाव मायकलचं, विषय संपला. उलट माझ्याच बाजूचं उदाहरण आहे ते, बेसलाइन म्हणजे रचनाच असते हे त्या डेमोवरून दिसतं. शब्द नंतर आले तरी चालले, बेस आधी लागली.

जोखमीचं म्हणाल तर जोखीम रेकॉर्ड कंपनीची असते, तिने तिचा नफा घ्यावा की. रचनाकार कोण हे जोखमीवरून कुठे ठरतं? कवीने कवितेत पैसे गुंतवलेले नसतात.

आणि कोर्टात हे झालेलं आहे. प्रोकोल हारम या बँडच्या 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' (१९६७) चा ऑर्गन आठवतोय ना, तो मॅथ्यू फिशरने वाजवला आणि रचला. नाव मात्र गॅरी ब्रूकर आणि कीथ रीडचं. फिशर २००५ मधे कोर्टात गेला, मधे एकदा वरच्या कोर्टात पैशांच्या बाबतीत हरला, पण २००९ मधे हाउस ऑफ लॉर्ड्सने (ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च कोर्ट) त्याचा ४० टक्के वाटा कायम केला. बेस नाही, ऑर्गन आहे, मान्य. पण बेसला वेगळा न्याय का?

ठेकेदार
मी तिसरंच बोलतो. तुम्ही दोघंही तालाला विसरताय. 'बिली जीन' सुरू होतं तेव्हा आधी ड्रम येतात, बेस नंतर, आणि ते ड्रम ऐकूनच अर्धं जग ओळखतं. मग ड्रमरलाही रचनाकार करायचं का? केलं तर साउंड इंजिनिअरनेही हात वर करावा, त्याने माइक तसा लावला नसता तर तो आवाज आलाच नसता. ही यादी कुठे थांबणार ते आधी सांगा. आणि बेस नसली तर गाणं अडतं असंही काही नाही. प्रिन्सने 'व्हेन डव्ज क्राय' (१९८४) मधून बेस चक्क काढून टाकली आणि गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं.

सातारी_बेस
माझा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे, बेसलाइन म्हणायचं कशाला? 'सेव्हन नेशन आर्मी' (२००३) बेससाठी प्रसिद्ध गाण्यांच्या प्रत्येक यादीत असतं आणि त्यात बेस गिटारच नाही! द व्हाइट स्ट्राइप्स बँडच्या जॅक व्हाइटने साधी गिटार इफेक्ट पेडलमधून एक सप्तक खाली उतरवलीय. २००६ च्या वर्ल्ड कपला इटलीचं पब्लिक स्टेडियममधे तेच गात होतं, शब्दांशिवाय, नुसतं पो पो पो. पब्लिकला वाद्य कुठलं याच्याशी काही घेणंदेणं नसतं. त्यामुळे 'बेसिस्टला न्याय द्या' ही मागणीच मला चुकीच्या जागेवरून सुरू झालेली वाटते. सुरावट कोणाची एवढंच विचारा. माझा झुकाव मात्र खर्जवेडाकडे आहे.

खर्जवेडा
@ठेकेदार यादी कुठे थांबणार तर सोपं आहे, गुणगुणता येतं तिथे. माइक कोणी गुणगुणत नाही. ठेका तोंडाने म्हणता येतो हे मान्य, पण ठेक्यावर दुसरं गाणं बांधलं तर ते दुसरं गाणंच राहतं, बेसलाइनवर बांधलं तर लोक लगेच म्हणतात अरे हे तर ते. शिक (Chic) या बँडचं 'गुड टाइम्स' (१९७९) बघा. त्याच वर्षी शुगरहिल गँग या रॅप ग्रुपने त्याच बेसवर 'रॅपर्स डिलाइट' काढलं, अख्खं गाणं शिकच्या बर्नार्ड एडवर्ड्सच्या बेसवर चालतं. एडवर्ड्स आणि त्याचा शिकमधला जोडीदार नाइल रॉजर्स कोर्टात जायला निघाले तेव्हा त्यांची नावं लागली. 'अंडर प्रेशर'ची बेस व्हॅनिला आइस या रॅपरने १९९० मधे 'आइस आइस बेबी'ला लावली, एक सूर वाढवून, तिथेही शेवटी क्वीन आणि बोवीची नावं घालावीच लागली. म्हणजे चोरी झाली की सगळ्यांना पटतं बेस म्हणजे गाण्याचा ऐवज आहे. फक्त मूळ वाटणीच्या वेळी ती 'साथसंगत' होते. हे मला खटकतं, आणि प्रचंड खटकतं.

जेम्स जेमरसनचं तर ऐकून त्रास होतो. द टेम्प्टेशन्सचं 'माय गर्ल' (१९६४) सुरू होतं ते त्याच्या बेसने, दुसरं काहीच नाही, मग गिटार येते. उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा हा माणूस. मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी हिट गाण्यांत तोच आहे आणि वर्षानुवर्षं कव्हरवर नाव नाही. १९७१ मधे मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर वादकांची नावं छापून आली, तोपर्यंत डेट्रॉइटचे दिवस संपत आलेले, कंपनी लॉस एंजेलिसला निघालेली. १९८३ मधे गेला तो. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममधे २००० साली घेतलं, तेही साथीदारांच्या वर्गात.

मडगावकर
जेमरसनचं वाचून आमचे लोक आठवले म्हणून लिहितोय. मुंबईच्या फिल्म स्टुडिओत गोव्याचे किती वादक होते, आर. डी. बर्मनकडे टोनी वाझ बेस गिटार वाजवायचे, किती जणांना हे नाव ठाऊक आहे? 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधलं अँथनी गोन्साल्विस हे नाव आहे गोव्यातल्या माजोर्ड्याच्या एका खऱ्या व्हायोलिनवादकाचं, प्यारेलालजींचे गुरू ते, गाणं घराघरात पोचलं आणि माणूस कोण ते बहुतेकांना कळलंच नाही.

तरीपण रॉयल्टीच्या बाबतीत मी पेटीवालींच्या बाजूने आहे. पन्नास-साठ वादकांच्या रेकॉर्डिंगमधे कोणाला काय सुचलं हे आज कोण सांगणार? काही तुकडे संगीतकाराने गाऊन दाखवलेले, काही अरेंजरने लिहून दिलेले, काही वादकाने तिथल्या तिथे घातलेले, आणि त्याची नोंद नाही. पैसे कोणाला हा वाद आपल्याकडे आता सुटणारा नाही. नावं तरी लागू देत. स्ट्रीमिंगच्या ॲपवर गाणं उघडलं की गायक, संगीतकार, गीतकार दिसतात, वादक बहुतेकदा नाहीत. जागेची अडचण कव्हरवर होती, मोबाइलवर कसली अडचण?

पेटीवाली
@मडगावकर नावांबद्दल शंभर टक्के सहमत, त्याला माझा विरोध कधीच नव्हता. प्रत्येक वादकाचं नाव दिसलंच पाहिजे, कोरसमधल्या शेवटच्या माणसासकट.

@खर्जवेडा फिशरची केस वाचली आहे मी. पण तो बँडचा सभासद होता, एका सेशनचे पैसे घेऊन घरी गेलेला नव्हता. फ्लॉवर्सला तो निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. आणि 'गुणगुणता येतं तिथे थांबा' म्हणालात तर 'माय गर्ल'ची गिटारही गुणगुणता येते, ती रॉबर्ट व्हाइटची. मग तिथे किती वाटेकरी? स्मोकी रॉबिन्सनने चाल आणि शब्द आणले त्याला शेवटी किती उरणार?

खर्जवेडा
@पेटीवाली चार वाटेकरी. स्मोकी रॉबिन्सन आणि रोनाल्ड व्हाइटची नावं गाण्यावर आहेतच, त्यांच्या खाली जेमरसन आणि रॉबर्ट व्हाइट. स्मोकीला कमी मिळेल, हो. तरी पहिला आणि मोठा वाटा त्याचाच राहील, आणि ते बरोबरच आहे.