मदत हवी आहे: सोसायटीत दर महिन्याला बीपी-शुगर तपासणी सुरू करायची आहे

घोडबंदरकर:

ठाण्यात आमची २१० फ्लॅटची सोसायटी आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ७ ते ९ क्लबहाऊसमध्ये तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी आणि शुगर तपासायचं कमिटीत ठरलं आहे. रहिवाशांबरोबर वॉचमन, घरकामाच्या मावश्या आणि हाऊसकीपिंगवाले यांनाही घ्यायचं आहे. एक निवृत्त परिचारिका आणि एक फिजिशियन वेळ द्यायला तयार आहेत. जाणकारांनी कृपया सांगावं:

१. मशीन कोणतं आणि किती लागतील? दोन तासांत किती माणसं होतात?
२. शुगर ग्लुकोमीटरवर घ्यावी की लॅबमधून?
३. कोणता आकडा आला की काय करायचं?
४. एक लॅब ७२ चाचण्यांचं पॅकेज सवलतीत देते आहे. निम्मी कमिटी त्या बाजूने आहे. घ्यावं का?

पाठपुरावा:

आधी वेळ बदला. रविवारी सकाळी ७ ते ९ म्हणजे लोक फेरी मारून, घाम पुसत, हातात चहाचा कप घेऊन येणार. चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट आणि व्यायाम यांनंतर निदान अर्धा तास बीपी घ्यायचं नसतं. संध्याकाळी ५ ते ७ ठेवा, किंवा सकाळच हवी असेल तर नाश्त्याचा स्टॉल तपासणी संपल्यावर लावा. शिबिरात पोहे आणि बीपीचं टेबल शेजारी-शेजारी मांडायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे.

मशीन दंडावरचं, डिजिटल घ्या. मनगटाचं नको, हाताची उंची थोडी बदलली तरी त्याचा आकडा हलतो. अचूकतेची स्वतंत्र चाचणी झालेल्या मॉडेलांची यादी स्ट्राईड बीपी या संकेतस्थळावर आहे, मॉडेल नंबर तिथे ताडून पाहा. नुसतं कंपनीचं नाव पाहू नका, एकाच कंपनीची काही मॉडेलं यादीत असतात आणि काही नसतात.

मशीनपेक्षा जास्त घोळ पट्ट्यात होतो. सोबत येणारा नेहमीचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. जाड दंडावर तोच ओढून बांधला तर आकडा खोटा वाढतो आणि धडधाकट माणसाला गोळी सुरू होते. ३२ ते ४२ सेंमीचा मोठा पट्टा वेगळा मागवा. शिंप्याची टेप ठेवा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर घेर मोजा आणि तो आकडा कार्डावर कायमचा लिहा, म्हणजे दर महिन्याला मोजायला नको.

बसवायची पद्धत: पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, हात टेबलावर आणि पट्टा छातीच्या उंचीवर. बाही दुमडून वर सरकवली तर तीच दंडाला आवळते, त्यामुळे हात बाहीतून काढायला लावा. स्त्रियांसाठी पडदा लागेल, तो आधीच लावा, नाहीतर ब्लाउजवरूनच पट्टा बांधला जातो. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या म्हणावं. पाच मिनिटं शांत बसणं आणि मोजताना न बोलणं या दोन गोष्टी सोसायटीच्या कार्यक्रमात सगळ्यात अवघड. त्यासाठी टेबलापासून लांब पाच खुर्च्या मांडा आणि एक कडक स्वभावाचा स्वयंसेवक तिथे उभा करा.

पहिल्या वेळी दोन्ही हातांवर घ्या. फरक सातत्याने १० च्या वर असेल तर जास्त आकड्याचा हात कार्डावर लिहा आणि पुढे तोच वापरा. २० च्या वर फरक असेल तर डॉक्टरांना दाखवायला सांगा. दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग घेऊन सरासरी काढा. दोन्हीत बराच फरक पडला तर तिसरं घ्या. पट्टा, दोन रीडिंग आणि नोंद धरून माणशी चार-साडेचार मिनिटं जातात, म्हणजे एका मशीनवर दोन तासांत २५ च्या आसपास. दोन मशीन ठेवली तर ५०. कुणी तीनशेचा आकडा सांगत असेल तर तिथे बीपी मोजलं जात नाही, नुसते पट्टे बांधले जातात.

आकड्यांचं सांगतो. सरासरी १३०/८५ च्या खाली असेल तर पुढच्या वर्षी या. १३०-१३९ किंवा ८५-८९ असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा. १४०/९० किंवा वर असेल तर एका दिवसावर निदान करू नका. घरी मशीन असेल तर सात दिवस सकाळी गोळी-नाश्त्यापूर्वी आणि रात्री दोन-दोन रीडिंग लिहायला सांगा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरची मर्यादा १३५/८५ असते, दवाखान्याची १४०/९०, हे लोकांना ठाऊक नसतं. घरी मशीन नसेल तर आठवड्याभरात परिचारिकाबाईंकडे पुन्हा मोजून घ्या.

१८०/११० च्या वर आलं तर बसवून ठेवा, दहा मिनिटांनी परत मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं किंवा अचानक दिसेनासं होणं यातलं काहीही असेल तर पुन्हा मोजण्यात वेळ घालवू नका, थेट १०८. जिभेखाली निफेडिपिनची गोळी कुणालाही देऊ नका. बीपी एकदम कोसळून मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठा घसरतो. ही जुनी सवय अजून पुरती गेलेली नाही.

रक्तनमुना:

शुगरबद्दल लिहितो. दर महिन्याला सरसकट सगळ्यांना टोचू नका, पैसे आणि बोटं दोन्ही वाया जातात. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी केलेला धोका-गुणांक वापरा, त्याला फक्त टेप लागते. वय ३५ च्या खाली ०, ३५-४९ ला २०, पन्नाशीपुढे ३०. कंबर: पुरुष ९० सेंमीच्या आत ०, ९०-९९ ला १०, १०० आणि वर २०. बायकांना तेच ८० आणि ९० वर. नियमित व्यायाम आणि कष्टाचं काम दोन्ही असेल तर ०, एकच असेल तर २०, काहीच नसेल तर ३०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह १०, दोघांना २०. बेरीज ६० किंवा वर गेली की धोका जास्त. कंबर ९४ असलेला, बैठ्या कामाचा, व्यायाम न करणारा, आईला मधुमेह असलेला ५२ वर्षांचा गृहस्थ ३०+१०+३०+१० = ८० वर जातो. त्याला पॅथॉलॉजीत पाठवा, इथे टोचायची गरजच नाही.

ग्लुकोमीटर चाळणीपुरता चालतो, निदानाला नाही. चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे १२६ चा माणूस १०७ ते १४५ मध्ये कुठेही दिसू शकतो. कधीही घेतलेली शुगर १४० किंवा वर आली तर लॅब. बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडं करा. नुकतं केळं सोललेल्या बोटावर शुगर भरमसाट येते, आणि नुसतं सॅनिटायझर लावून ती साखर निघत नाही. स्ट्रिपची बाटली लगेच बंद करा, ठाण्याच्या पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या स्ट्रिप लवकर बाद होतात.

सगळ्यात महत्त्वाचं: टोचायचं पेन घरगुती असतं, ते अनेकांना वापरायचं नाही. आतली सुई बदलली तरीसुद्धा नाही. पेनच्या टोकाला लागलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बी पसरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. टोचल्यावर आपोआप आत जाणारी, एकदाच वापरायची लॅन्सेट घ्या आणि माणसागणिक हातमोजे बदला. वापरलेल्या लॅन्सेट भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम शिबिरांनाही लागू आहेत. कचरा कुठल्या दवाखान्याकडे किंवा लॅबकडे सोपवायचा ते आधी ठरवा. ओल्या-सुक्या कचऱ्यात गेला तर सुई सफाईवाल्याच्या हातात घुसते.

लॅबमध्ये निदानाच्या रेषा अशा: उपाशीपोटी १०० ते १२५ काठावर, १२६ पासून मधुमेह. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी चाचणी) ५.७ ते ६.४ काठावर, ६.५ पासून मधुमेह. लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारू नका, दुसऱ्यांदा खात्री करा. एचबीए१सीला उपास लागत नाही, पण हिमोग्लोबिन सोबत बघा. लोहाच्या कमतरतेत तो खोटा वाढू शकतो, रक्तस्राव किंवा सिकलसेलमध्ये खोटा घटू शकतो. घरी येऊन नमुना नेणाऱ्याला राखाडी बुचाची नळी (रक्तातली साखर टिकवणारी) आणि लॅबला पोचायची वेळ विचारा. साध्या नळीतलं रक्त वेगळं न करता पडून राहिलं तर पेशी साखर खातात, तासाला ५ ते ७ टक्के, आणि रिपोर्ट छान येतो!

आनंदीआनंद:

७२ चाचण्या स्वस्तात मिळत असतील तर वाईट काय आहे? काही निघालं तर निघालं, नाही निघालं तर मनाला बरं.

रक्तनमुना:

@आनंदीआनंद, 'नॉर्मल' ची रेंज निरोगी लोकांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी आखलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर ठणठणीत माणसाचीही किमान एक ठळक अक्षरात, म्हणजे रेंजबाहेर, येण्याची शक्यता ६४ टक्के. ४० केल्या तर ८७. मग त्या एका आकड्यापायी सोनोग्राफी, पुन्हा रक्त, पुन्हा डॉक्टर. आणि ज्याला मधुमेह आहे त्याच्या पॅकेजात लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर बहुधा नसतंच, जे खरं हवं असतं. ते ३० च्या वर जाणं ही किडनीवर परिणाम झाल्याची सुरुवातीची खूण, रक्तातलं क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी दिसते.

मधुमेह्यांना वर्षातून एकदा एवढं पुरे: हे गुणोत्तर, क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि पायाची संवेदना. पाय तपासायला १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू मिळतो, परिचारिकाबाई दोन मिनिटांत करतील.

औषधीवाला:

माझ्या बाजूचं थोडं. तपासणीला येताना गोळ्या नेहमीप्रमाणे घेऊन या आणि पाकिटंही आणा, असं नोटिशीत लिहा. पाकिटांवरची ब्रँडची नावं न बघता आतल्या औषधाचं नाव बघा. हृदयवाल्या डॉक्टरांनी एका नावाने आणि फॅमिली डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने बीपीचं तेच टेल्मिसार्टन दिलेलं सापडतं.

टेल्मिसार्टन ओल धरतं. आठवड्याच्या डबीत सुटं काढून ठेवू नका, पट्टी कापून फॉइलसकट ठेवा. ते सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं असतं. याच लोकांनी 'लो सोडियम' मीठ परस्पर सुरू करू नये, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने घोट्याला सूज येते, ती किडनीची समजून लोक घाबरून गोळी बंद करतात. डॉक्टरांना सांगा, पर्याय आहेत.

बीपी गोळ्या असूनही खाली येत नसेल तर आधी विचारा: गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन ही बीपी वाढवणारी वेदनाशामकं चालू आहेत का? रोज रात्री पोटासाठी फसफसणारा सोडा घेता का? त्या सोड्यातही सोडियम असतं.

उपाशीपोटी नमुना ठेवला तर ग्लिमेपिराइड (शुगर एकदम घसरवू शकणारी मधुमेहाची गोळी) किंवा इन्सुलिनवाल्यांना पहिला नंबर द्या आणि सकाळचा डोस खाण्याबरोबरच घ्यायला सांगा. टेबलावर ग्लुकोज पावडर हवीच. शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यातून. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नका.

घोडबंदरकर:

सगळ्यांचे आभार. पॅकेज बाद, वेळ ५ ते ७. दोन प्रश्न उरले. नोंदी कशा ठेवाव्यात? आणि रात्रपाळीच्या वॉचमनचं बीपी कधी मोजायचं, गोळी कधी द्यायची? डबल ड्युटीही असते त्यांची.

पाठपुरावा:

नोंदी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कदापि नाहीत. प्रत्येकाला क्रमांक आणि त्याच्याजवळ राहील असं कार्ड द्या. नाव-क्रमांकाची वही परिचारिकाबाईंच्या कुलपात. कामगारांच्या नोंदी कमिटीला किंवा सिक्युरिटी एजन्सीला दाखवू नका, बीपी निघालं म्हणून माणूस बदलून मागतील.

वहीत 'पुढची तारीख' हा रकाना सगळ्यात मोठा ठेवा. तारीख उलटून आठवडा झाला की फोन. गोळी नवी असेल तर दर महिन्याला, आकडा स्थिरावला की तीन महिन्यांनी. किती लोक आले हे मोजू नका. दर तिमाहीला वहीतल्या बीपीच्या एकूण रुग्णांपैकी कितींचं शेवटचं रीडिंग १४०/९० च्या खाली होतं ते काढा, आणि जो आलाच नाही त्याला नियंत्रणाबाहेर धरा. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात, ज्यात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता, असाच तिमाही हिशोब ठेवतात. कामगारांना जवळच्या महापालिका आरोग्य केंद्रात किंवा आपला दवाखान्यात जोडून द्या. पहिल्या वेळी चिठ्ठी देऊन भागत नाही, कुणीतरी सोबत जा. ओपीडीची वेळ आणि कोणत्या गोळ्या असतात ते आधी विचारून या.

रात्रपाळी संपवून आलेल्याचं बीपी झोप न झाल्याने वाढलेलं दिसतं. संध्याकाळी ड्युटीवर चढण्यापूर्वी, झोप झालेली असताना मोजा. तुमची ५ ते ७ वेळ इथेही सोयीची पडते. गोळीचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सकाळची की संध्याकाळची यात हार्ट अटॅक-पक्षाघाताच्या बाबतीत फरक पडला नाही. झोपून उठल्यावर, मग घड्याळात दुपारचे दोन असोत, तेव्हाच रोज घ्यायची. ग्लिमेपिराइड मात्र घड्याळावर नाही, उठल्यानंतरच्या पहिल्या पोटभर जेवणाबरोबर. डबल ड्युटीत जेवण नक्की नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगून औषध बदलता येतं का ते विचारा. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने एकट्याने सहसा शुगर घसरत नाही.