फंक्शनचे नाव बदलले: ‘कालबाह्य’, ‘बाद’ की ‘काढून टाकले’?

विचारणा

मराठी डॉक्युमेंटेशनमध्ये ‘डेप्रिकेटेड’ला (अजून चालते, पण यापुढे वापरू नये अशा गोष्टीला) सर्रास ‘कालबाह्य’ लिहिलेले दिसते. समजा, लिस्टवरच्या एका फंक्शनचे नाव बदलले. जुने नाव या आवृत्तीत चालते, कंपायलर फक्त इशारा देतो, पुढच्या मोठ्या आवृत्तीत मात्र ते नसेल. इथे ‘कालबाह्य’ चालेल का? आणि ‘अलायस’ला, म्हणजे त्याच फंक्शनच्या दुसऱ्या नावाला, ‘पर्यायी नाव’ म्हणावे का?

प्रतिसाद १

‘कालबाह्य’ नको. ज्याचा काळ उलटला ते कालबाह्य. वाचकाला वाटते की कोड आजच मोडला. ‘बाद’ तर त्याहून कडक. वाचकाला दोनच गोष्टी हव्या असतात: आज चालते का, आणि कधीपर्यंत चालेल. त्या सरळ सांगाव्यात: ‘वापर टाळा, अजून चालते’ किंवा ‘काढून टाकले, चालत नाही’. एका शब्दात दोन्ही अवस्था कोंबू नयेत.

‘फंक्शन बदलले’ असेही लिहू नका. त्यातून वागणूक बदलल्याचा अर्थ निघतो आणि लोक उगाच आपले टेस्ट तपासत बसतात. ‘नाव बदलले, काम तेच’ लिहा, अर्थात ते खरे असेल तरच. कॉटलिन या प्रोग्रामिंग भाषेचे उदाहरण बघा: आवृत्ती १.४ मध्ये लिस्टमधला सर्वांत मोठा घटक देणाऱ्या ‘मॅक्स’चा वापर टाळायला सांगून ‘मॅक्सऑरनल’ दिले, आणि १.७ मध्ये ‘मॅक्स’ परत आले. पण आता रिकाम्या लिस्टवर ते नल (‘काहीच नाही’ हे मूल्य) देत नाही, एक्सेप्शन फेकते, म्हणजे चूक दाखवून थांबते. नाव जुनेच, करार वेगळा. अशा नोंदीत आवृत्तीचा आकडा नसेल तर वाक्य चूकच ठरते.

प्रतिसाद २

‘पर्यायी’बद्दल: आपण ‘ऑप्शनल आर्ग्युमेंट’लाही (फंक्शनला दिले नाही तरी चालते अशा मूल्याला) ‘पर्यायी आर्ग्युमेंट’ म्हणतो. त्याच पानावर ‘पर्यायी नाव’ आले की गोंधळ ठरलेला. ‘उर्फ’ हा आपला वापरातला शब्द आहे, तोच घ्या. फक्त उर्फ म्हटले की दोन्ही नावे सारख्या मानाची होतात. दोन्ही कायम राहणार असतील तेव्हाच तो शोभतो. एक जाणार असेल तर ‘पूर्वीचे नाव’.

प्रतिसाद ३

‘काढले’ आणि ‘निघणार’ यांपासून सावध राहा. मराठीत पुस्तक ‘काढले’ म्हणजे प्रकाशित केले. ‘हे फंक्शन आवृत्ती ५ मध्ये निघणार’ हे वाक्य निम्मे लोक ‘नव्याने येणार’ असेच वाचतील. ‘काढून टाकणार’ किंवा ‘आवृत्ती ५ पासून नसेल’ लिहा.

दुसरी अडचण प्रत्ययांची, आणि ती जास्त त्रास देते. रोमन लिपीतल्या नावाला देवनागरी ‘ने’, ‘ला’, ‘चा’ थेट चिकटवले की ‘पूर्ण शब्द’ शोधणाऱ्या रेजेक्सला (मजकूर शोधण्याच्या नमुन्याला) ते नाव सापडतच नाही. पायथन ३ मध्ये देवनागरी अक्षरही शब्दाचाच भाग मानले जाते, त्यामुळे नाव आणि ‘ने’ यांच्यात शब्दसीमा पडत नाही. शोध शून्य निकाल देतो आणि जुने नाव परिच्छेदात तसेच राहते. उपाय सोपा आहे: नाव कोडच्या खुणेत ठेवा आणि प्रत्यय पुढच्या ‘फंक्शन’ला लावा, ‘कनेक्ट या फंक्शनने’ असा. सध्याचा मजकूर तपासताना शब्दसीमेची अट काढून शोधा आणि निकाल डोळ्यांखालून घाला.

सरसकट ‘रिप्लेस ऑल’ मात्र नको. बदलनोंदींच्या जुन्या पानांवर जुनेच नाव हवे. तो इतिहास आहे. शिवाय जुने नाव दुसऱ्या अर्थाने जिवंत असू शकते. स्विफ्ट या भाषेच्या ४.१ आवृत्तीत ‘फ्लॅटमॅप’चे नल गाळणारे रूप ‘कॉम्पॅक्टमॅप’ झाले, पण आतल्या लिस्टा सपाट करणारे ‘फ्लॅटमॅप’ तसेच राहिले. प्रत्येक उदाहरणात क्लोजर (फंक्शनला दिलेला छोटा कोड) काय परत देतो ते बघूनच नाव बदलावे लागते.

विचारणा (पुढे)

मग प्रत्यक्ष नोंद कशी दिसेल?

प्रतिसाद १

रस्ट या भाषेचे उदाहरण घेऊ:

‘जॉइन: लिस्टमधले घटक, मध्ये विभाजक घालून, जोडून देते. पूर्वीचे नाव कनेक्ट. आवृत्ती १.३ पासून त्याचा वापर टाळा. ते अजून चालते, पण कंपायलर इशारा देतो.’

‘पूर्वीचे नाव’ ही ओळ गाळू नका. जुना कोड वाचणारा माणूस जुन्याच नावाने शोधतो. रस्टडॉकमध्ये (रस्टची डॉक्युमेंटेशन बनवणारी सोय) त्यासाठी डॉक-अलायस, म्हणजे शोधासाठीचे जादा नाव, लावता येतो. जिथे ती सोय नाही तिथे हीच ओळ शोधात सापडते. जुन्या नावाचा अँकरही (पानातल्या त्या जागेचा लिंक-पत्ता) ठेवा, नाहीतर बाहेरून आलेल्या लिंका वाचकाला पानाच्या माथ्यावर सोडून देतात.

उदाहरणे चालवून बघताना इशाऱ्यांना एरर माना. पायथनमध्ये ‘डेप्रिकेशनवॉर्निंग’ मुख्य मॉड्यूलबाहेर मुळातच दडपलेली असते, म्हणून जुने नाव असलेले उदाहरणही बिनबोभाट पास होते.

प्रतिसाद ३

भाषांतर पीओ फायलींत (मूळ वाक्य आणि त्याचे भाषांतर जोडीने ठेवणाऱ्या फायलींत) असेल तर एक भर. मूळ वाक्यातले नाव बदलले की गेटटेक्स्ट या भाषांतर-साधनाची एमएसजीमर्ज आज्ञा जुने मराठी वाक्य ‘फझी’ (तपासायचे बाकी) खुणेसह ठेवते. फझी वाक्ये बिल्डमध्ये, म्हणजे तयार होणाऱ्या पानांत, येत नाहीत, त्यामुळे मराठी पानात मधेच इंग्रजी वाक्य दिसू लागते. घाईत नुसती खूण काढली तर पान पुन्हा मराठी होते खरे, पण जुन्या नावासकट. आधी वाक्यातले नाव आणि आवृत्तीचा आकडा बदला, खूण त्यानंतर काढा.