मदत हवी आहे: लिलावात विकलेलं नाणं ‘धुतलेलं’ म्हणून परत येतंय

1911 चा पंचम जॉर्ज रुपया (पिग रुपी: राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून हे नाव) ऑनलाइन लिलावात विकला. वर्णनात ‘एक्स्ट्रीमली फाइन’ (अगदी कमी झिजलेला, अशी प्रत) लिहिलं होतं, ‘साफ न केलेला’ असं कुठेही नाही. पार्सल मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी खरेदीदाराचा मेसेज आला: राजाच्या गालावर बारीक समांतर ओरखडे आहेत, म्हणजे नाणं घासून साफ केलंय (संग्राहकांत याने किंमत पडते), पूर्ण पैसे परत द्या.

त्यांचा फोटो तिरप्या उजेडातला आहे, त्यात ओरखडे खरंच दिसतात. माझे फोटो समोरून उजेड टाकून काढलेले, त्यात ते लपले. फसवायचा हेतू नव्हता, पण त्यांचं म्हणणं मला चूक वाटत नाही. नाणं अस्सल आहे यावर दोघांचं एकमत. वजन 11.61 ग्रॅम, प्रमाण 11.66.

आतापर्यंत: किमतीतले 20 टक्के परत देऊ केले, त्यांना नको. साइटचं उत्तर, ‘आपसात मिटवा’. पैसे थेट यूपीआयने आले होते, त्यामुळे मध्ये कुणी नाही. ते म्हणतात आधी पैसे, मी म्हणतो आधी नाणं. तक्रारीची मुदत परवा संपते. बोलणं अजून सौजन्याने चालू आहे, ते बिघडवायचं नाही.

ओळखीसाठी माझ्याकडे पाठवण्याआधीचे दोन्ही बाजूंचे मोठे फोटो आहेत. सालाच्या खाली कडेला एक छोटा खळगा आहे, तो त्यात स्पष्ट दिसतो. तेच नाणं परत आलं हे ठरवायला एवढं पुरे, की त्यांच्याकडून वजनकाट्यावर ठेवण्यापासून पाकीट बंद करेपर्यंतचा सलग व्हिडिओही मागावा? आणि निम्मे पैसे आधी, निम्मे नाणं तपासल्यावर, असं कुणी केलंय का? परतीच्या स्पीड पोस्टचा खर्च अशा वेळी कोण देतं?