भाड्याचा फ्लॅट सोडायचाय, मालक डिपॉझिट देईना. मदत हवी आहे (तातडीची)

दुपारचा_चहा
सरळ विचारते. फ्लॅट सोडायचाय आणि मालक म्हणतोय डिपॉझिट विसरा. असं करता येतं का त्याला? शनिवारी तो घरी येणार आहे, त्याआधी सांगा. नवरा त्या वेळी शिफ्टला असतो, म्हणजे बोलायचं मलाच.

कारण पाणी. फ्लॅट बघायला ब्रोकरने रविवारी दुपारी चारची वेळ दिली होती. नळ सोडून बघितला, धो धो. म्हणाला चोवीस तास आहे. राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी कळलं की सकाळी पावणेसात ते साडेसात आणि संध्याकाळी पाऊण तास, बस. आम्ही आठव्या मजल्यावर. नळ आधी खोकतो, मग चहाच्या रंगाची धार येते, ती बादली संडासाला. दुसरी आंघोळीची. तिसरी भरेपर्यंत घरघर सुरू. सासूबाई महिनाभर राहायला आल्या होत्या, चौथ्या दिवशी परत गेल्या. आमच्याकडे विहीर तरी आहे म्हणाल्या.

"घेताना नीट बघायला हवं होतं" हे कृपया नको. ते आई रोज सांगते.

भूतपूर्व_सेक्रेटरी
भाऊ, माहिती अपुरी आहे. शहर कोणतं? ॲग्रीमेंट रजिस्टर आहे का? किती महिने झाले? लॉक-इन (ज्याआधी घर सोडता येत नाही ती मुदत) आहे का? एवढं न सांगता डॉक्टरला फोनवर "दुखतंय" म्हणण्यासारखं झालं.

दुपारचा_चहा
भाऊ नाही, ताई. वाकड. ॲग्रीमेंट आहे, ११ महिन्यांचं. १ नोव्हेंबरला आलो. बाकी काय सांगायचं, पाणी नाही हे सांगितलं की.

शिक्का_मोर्तब
लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हे तुमचं ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट, महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृतच लागतं. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. "११ महिन्यांचं आहे म्हणून नोटरी चालते" हा गैरसमज गावभर आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची, नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. तेव्हा ताई, धरा मालकाला.

खारे_दाणे
त्या म्हणाल्या ॲग्रीमेंट आहे. नोंदणी आहे की नाही हे विचारायच्या आधीच तुम्ही मालकाला कैदेत टाकलंत.

दुपारचा_चहा
रजिस्टर आहे. तो एजंट रात्री नऊला थम्बचं मशीन घेऊन आला होता. माझा अंगठा तीनदा उमटेना, भांडी घासून घासून रेषाच गेल्यात म्हणाला. त्या गडबडीत वाचलं नाही, सही केली.

गिरगावकर
आमच्या चाळीत पागडीची खोली आहे. भाडं अजून शंभराच्या आत. पाणी पहाटे चारला, पण येतं म्हणजे येतं. हे टॉवर-बिवर सगळे दिखाऊ.

एक_हंडा
+१. पाणी तोडणं गुन्हा आहे. त्याच कायद्याचं कलम २९, अत्यावश्यक सेवा बंद करता येत नाहीत. पोलिसांत जा.

खारे_दाणे
तोडलंय कोणी? पाणीच नाहीये. पिंपरी-चिंचवड मनपा नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी देते, बाकीचं बोअर नाहीतर टँकर. आणि कलम २९ भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा हा परवानाधारक असतो, हा फरक लक्षात न घेता पोलीस स्टेशनला गेलात तर चहा पाजून परत पाठवतील.

एक_हंडा
फरक कागदावर. तहान सगळ्यांना सारखीच लागते.

मुक्काम_जर्सी
इथे न्यू जर्सीत दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत व्याजासकट परत द्यावं लागतं, कापलं तर हिशोब देऊन. आपल्याकडे असं का होत नाही?

गिरगावकर
कारण आपण तिकडे नाही.

सरळ_हिशोब
पुण्यात याचा एकच उपाय. शेवटचे महिने भाडं द्यायचं नाही, डिपॉझिटमधून वळतं करा म्हणायचं. मी तीन घरं अशीच सोडली. डिपॉझिट किती आहे?

दुपारचा_चहा
९० हजार. भाडं २८. पण तसं करता येणार नाही, ॲग्रीमेंटमध्ये ३० हजारच लिहिलंय.

भूतपूर्व_सेक्रेटरी
काय??

खारे_दाणे
ताई, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं.

दुपारचा_चहा
मला वाटलं सगळीकडे तसंच असतं. एजंट म्हणाला जास्त दाखवलं की स्टॅम्प ड्युटी वाढते, तुमचाच फायदा.

शिक्का_मोर्तब
तुमचा फायदा किती ते बघा. ड्युटी पाव टक्का. कशावर, तर एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं १० टक्के वार्षिक व्याज. लपवलेले ६० हजार, त्याचं व्याज ६ हजार, त्याचा पाव टक्का म्हणजे १५ रुपये. पंधरा रुपये वाचवायला साठ हजारांचा पुरावा घालवला.

एक_हंडा
😳

सरळ_हिशोब
बाकीचे ६० रोख दिले का?

दुपारचा_चहा
नाही. ३० मालकाला चेकने. ६० त्याच्या बायकोला गुगल पेवर, दोनदा तीस-तीस. मेसेजमध्ये मी काही लिहिलं नव्हतं, फक्त हात जोडलेली इमोजी.

खारे_दाणे
मग पुरावा गेलेला नाही. बँक स्टेटमेंट काढा आणि त्या दिवसांच्या व्हॉट्सॲप चॅटचे स्क्रीनशॉट आजच घ्या, शनिवारनंतर नाही. मालकाने कुठे "बाकीचे मिसेसच्या नंबरवर टाका" असं लिहिलंय का बघा.

दुपारचा_चहा
थांबा बघते.

आहे. "रिमेनिंग ६० वहिनींना जीपे करा". स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणतोय.

गिरगावकर
हा हा. तुमच्या बाजूने म्हणाला असेल.

भूतपूर्व_सेक्रेटरी
लॉक-इनचं उत्तर अजून आलं नाही. आणि एक सांगतो, सोसायटी मालकाकडून ना-भोगवटा शुल्क (स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दलचं) घेते का? १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्या सोसायटीत मी हे लागू केलं तेव्हा अर्धी कमिटी माझ्याशी बोलेनाशी झाली. सेवा शुल्कात मनपाचा कर धरायचा नाही, इथेच सगळे चुकतात.

खारे_दाणे
काका, ते मालक देतो. ताईंचा काय संबंध?

भूतपूर्व_सेक्रेटरी
संबंध असा की टँकरचे पैसे कुठल्या सदरात टाकलेत ते बघा. भाडेकरूकडून वेगळे घेत असतील तर ॲग्रीमेंट काय म्हणतं?

दुपारचा_चहा
घेतात!! महिन्याला १,२०० "पाणी" म्हणून, मालकच मागतो. ॲग्रीमेंट आत्ता पहिल्यांदा नीट वाचलं. मेंटेनन्स मालकाने भरायचा असं आहे, पाण्याचं वेगळं काही नाही. आणि हो, लॉक-इन सहा महिने. नोटीस एक महिना.

गेटवर टँकरची वही असते, वॉचमनदादांनी दाखवली. काल सकाळी आठच्या आत चार आले होते. चौथ्यापुढे वेळ नाही, नुसती फुली.

पिंपळे_सौदागर_शोधतोय
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण वाकडला टू बीएचके २८ मध्ये मिळतो का अजून? मी दोन महिने शोधतोय. बॅचलर म्हटलं की फोनच ठेवतात. एकाने विचारलं, अंडं खाता का.

एक_हंडा
आणि मग काय सांगितलंत?

पिंपळे_सौदागर_शोधतोय
खरं सांगितलं. म्हणून शोधतोय.

शिक्का_मोर्तब
ताई, मग तारीख बघा. सहा महिने ३० एप्रिलला पूर्ण होतात. आज मार्चचा मध्य. लॉक-इन चालू असताना नोटीस देता येते का ते कलम नीट वाचा. येत असेल तर ३१ मार्चच्या आत ईमेलने आणि स्पीड पोस्टाने द्या, ३० एप्रिलला चावी. आत्ता सोडलंत तर तो एप्रिलचं भाडं मागणार आणि कागद त्याच्या बाजूने आहे.

सरळ_हिशोब
कशाला नोटीस? डिपॉझिट हातात येईपर्यंत घर सोडायचंच नाही. बसून राहा.

शिक्का_मोर्तब
मुदत संपल्यावर बसून राहिलं तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं लागतं. असले सल्ले देऊ नका.

सरळ_हिशोब
माझ्याकडून कोणी घेतलं नाही.

शिक्का_मोर्तब
घेतलं नाही म्हणजे लागत नाही असं नाही.

दुपारचा_चहा
म्हणजे पूर्ण एप्रिल काढायचा? ऐन उन्हाळ्यात? मला वाटलं कोणीतरी सांगेल की पाणी नाही या कारणावर लॉक-इन मोडतं.

खारे_दाणे
ॲग्रीमेंटमध्ये पाण्याबद्दल अक्षर नाही, ब्रोकर तोंडी बोलला. भांडता येईल, पण एका महिन्याच्या भाड्यासाठी वकील लावाल का? शनिवारी ९० वर बोला. चॅट प्रिंट करून समोर ठेवा. ९० मिळाल्याचं त्याच्याकडून एका ओळीत लिहून घ्या, मग बाकी विषय. दिलेले १,२०० सुद्धा त्याच कागदावर मांडा.

मुक्काम_जर्सी
शेजारी कोणालातरी बसवून घ्या. एकटीने बोलू नका.

दुपारचा_चहा
शनिवार झाला. सातव्या मजल्यावरच्या काकू स्वेटर विणत बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त दर वेळी मालक आवाज चढवायचा तेव्हा विणणं थांबवायच्या. आधी म्हणाला ६० कसले. प्रिंट दाखवल्यावर म्हणाला ते फर्निचरचे होते. फर्निचर म्हणजे एक सेटी, तिचा पाय तुटका. मग काकूंनीच विचारलं, "वहिनींना फोन लावू का?" त्यावर "९० मिळाले, ३० एप्रिलला रंगाचे पैसे कापून देईन" असं व्हॉट्सॲपवर टाकलं. रंगाचे किती ते विचारलं तर ओके. नुसतं ओके.

भूतपूर्व_सेक्रेटरी
रंगाचं ॲग्रीमेंटमध्ये आहे का?

दुपारचा_चहा
एक महिन्याचं भाडं असं आहे. अकरा महिने राहिलं तरच की कधीही, ते लिहिलेलं नाही. त्यावर नवीन धागा काढते. नोटीस मेल केली, पोस्टाची सोमवारी.

पिंपळे_सौदागर_शोधतोय
ताई, म्हणजे एक मेला फ्लॅट रिकामा होतोय ना? पार्किंग कव्हर्ड आहे का?

दुपारचा_चहा
आहे. पण बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. मधल्या वारी सकाळी साडेनऊला जा आणि मोरीतला नळ उघडा, किचनचा नको, त्याला वेगळी छोटी टाकी आहे.

पिंपळे_सौदागर_शोधतोय
अंड्याचं विचारतात का?

दुपारचा_चहा
नाही. भांडी घासायला पाणी कुठून आणणार ते विचारा.